रुग्ण, रुग्णालय आणि कायदा

या स्मरणिकेत आजवर आम्ही जे चार-दोन लेख लिहिले, ते गहू, हरभरा, सोयाबीन व मंडीचे नियम यांविषयीचे होते. यंदा संपादक-मंडळाने विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, तेव्हा अनेक दिवस मनात घोळत असलेला एक वेगळा विषय सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले. आम्ही वकील नव्हे, वैद्यही नव्हे, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि ज्या कारणाने आम्हांस हा विषय मुळापासून समजून घ्यावा लागला, ते कारण प्रथम सांगितले पाहिजे.

सन २०१६ च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंना पित्ताशयातील खड्यांच्या शस्त्रक्रियेकरिता इंदूरच्या एका खाजगी रुग्णालयात नेले. शस्त्रक्रिया साधी आहे, चार दिवसांत घरी जाल, असे सांगण्यात आले होते. चौथ्या दिवशी ताप चढला, आठव्या दिवशी दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि अकराव्या दिवशी दादा गेले. चिमणगंज मंडीत उभा जन्म काढलेला आमच्यासारखा माणूस परखी घालून नमुना पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही, काट्यावरून नजर काढीत नाही, चिठ्ठीवाचून पैसा देत नाही. त्याच माणसाने त्या रुग्णालयात इंग्रजीत छापलेल्या चार पानांवर, रिकाम्या जागा तशाच असताना, पेन पुढे आला म्हणून सह्या केल्या. आगाऊ रकमेपैकी काही भाग रोख भरला आणि त्याबद्दल हातात आली ती एक कच्ची चिठ्ठी. उठावण्यानंतर उपचाराचे कागद मागावयास गेलो, तेव्हा "फाईल रेकॉर्डला गेली आहे, पुढच्या महिन्यात या" असे उत्तर मिळाले. पुढे गव्हाचा हंगाम आला, वहिनींची प्रकृती बिघडली, आणि आमची चिकाटी कमी पडली. अखेर एका वकिलांकडे गेलो, तोवर दोन वर्षे तीन महिने उलटले होते. त्यांनी दोनच प्रश्न विचारले : कागद कोठे आहेत, आणि मृत्यूची तारीख कोणती? दोन्ही उत्तरे ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

त्या रुग्णालयाकडून चूक झाली होती की नाही, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. म्हणून त्याचे नावही आम्ही घेत नाही. ते कळून घेण्याचा मार्ग मात्र आम्ही आमच्याच अज्ञानाने बंद करून घेतला, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. त्यानंतर जे वाचले, जाणत्यांना विचारले, त्याचे सार येथे देत आहो.

वैद्याच्या हयगयीबद्दल दाद मागता येते, हा विचार काही नवा नाही. आपल्या मराठी मुलुखातीलच एक खटला देशभरच्या न्यायालयांत आजही आधारास घेतला जातो. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. वडील दौंडचे डॉक्टर. ते धावून गेले आणि मुलास मोटारीने पुण्यास आणले. तेथील एका शल्यचिकित्सकाने पुरेशी भूल न देता, माणसांकरवी पाय जोराने ओढवून हाड बसविले व प्लास्टर केले, असे पुढे न्यायालयांत सिद्ध झाले. त्याच रात्री, ९ मे रोजी, मुलगा दगावला. 'लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले' या नावाने हा दावा दिवाणी न्यायालयातून उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २ मे १९६८ रोजी अखेरचा निकाल लागला आणि ३,००० रुपये नुकसानभरपाई कायम झाली. पंधरा वर्षे! आणि वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणून निदान काय घडले ते त्यांस समजले तरी. तुमच्या-आमच्या घरातील माणसाचे काय झाले असते, ते सांगावयास नको. रक्कम लहान, पण निकालातील तत्त्व मोठे. वैद्याने रुग्ण हाती घेतला की त्याच्यावर तीन बाबतींत काळजीचे कर्तव्य येते : हा रुग्ण घ्यावा की न घ्यावा हे ठरविण्यात, कोणता उपचार करावा हे ठरविण्यात, आणि तो उपचार प्रत्यक्ष देण्यात. ही काळजी जगातील श्रेष्ठतम वैद्याची असली पाहिजे असे नाही. परंतु अगदी खालच्या प्रतीचीही चालणार नाही.

दुसरा खटला औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. जुलै १९६३ मध्ये तेथील सरकारी इस्पितळात बाळंतपणानंतर एका स्त्रीची संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली आणि पोटात कापडाचा बोळा राहून गेला. पू झाला, पुन्हा पोट उघडले, आणि ती माउली त्याच महिन्यात मरण पावली. पतीने व मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले, उच्च न्यायालयाने ते फिरविले, आणि २० फेब्रुवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मंजूर केले. म्हणजे मृत्यूपासून साडेबत्तीस वर्षे. सरकारी इस्पितळ झाले तरी सरकार जबाबदार आहे, हे या निकालाने पक्के झाले. तथापि ज्या मुलांच्या डोक्यावरचे मायेचे छत्र गेले, ती मुले निकालाच्या दिवशी प्रौढ झालेली असणार.

दिवाणी दाव्याचा हा दीर्घ पल्ला सामान्य माणसास न झेपणारा. म्हणूनच निराळ्या कायद्याची निकड भासली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, देशात अन्यत्रही प्रयत्न झाले, आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला. येथे एक कबुली दिली पाहिजे. त्या वेळी व्यापाऱ्यांच्या बैठकींतून या कायद्याविषयी नाराजीच ऐकू येई, व आम्हीही त्या सुरात सूर मिसळला होता. मापात खोट निघाली तर आता गिऱ्हाईक थेट मंचापुढे ओढील, एवढेच आम्हांस दिसत होते. आपणही औषधाच्या दुकानात, आगगाडीत, इस्पितळात गिऱ्हाईकच असतो, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

कायदा झाला खरा, पण रुग्ण हा ग्राहक की नव्हे, यावर देशभर वाद माजला. डॉक्टरांचे म्हणणे असे की, आमचा व्यवसाय विद्येचा, तो दुकानदारीत मोजू नये. या वादाचा निकाल १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या प्रकरणात दिला, आणि तोच आजही पाया आहे. मोबदला घेऊन दिलेला उपचार ही कायद्याच्या अर्थाने 'सेवा' होय, असे न्यायालयाने ठरविले. मालकाने पगारी नोकराकडून करून घेतलेली चाकरी कायद्याबाहेर असते. परंतु डॉक्टर आपल्या रुग्णाचा नोकर नव्हे, म्हणून त्या सबबीखाली त्यास सुटता येत नाही.

या निकालातील एक भाग आपल्या समाजाने विशेष लक्षपूर्वक वाचण्यासारखा आहे, कारण धर्मादाय औषधालये व रुग्णालये चालविण्याची परंपरा आपल्यात मोठी असून आपल्यांपैकी कित्येक जण त्यांचे विश्वस्त आहेत. जेथे येणाऱ्या प्रत्येक रुग्णास उपचार खरोखर विनामूल्य मिळतो, ती संस्था ग्राहक-कायद्याच्या कक्षेत येत नाही. नोंदणीपुरते नाममात्र शुल्क घेतले म्हणून त्यात फरक पडत नाही. परंतु जेथे काही रुग्णांकडून पैसे घेतले जातात व गरिबांस फुकट उपचार दिला जातो, तेथे फुकट उपचार घेणारा गरीबही ग्राहकच ठरतो. पैसे देणाऱ्यास एक न्याय व न देणाऱ्यास दुसरा असे व्हावयाचे नाही, अशी ही भूमिका आहे. सकाळी मोफत बाह्यरुग्ण विभाग आणि दुपारी पैसे घेऊन शस्त्रक्रिया, असा क्रम ज्या संस्थेत असेल, तिच्या विश्वस्तांनी आपण 'धर्मादाय' आहो म्हणून निर्धास्त राहू नये. सर्वांना फुकट उपचार देणारे सरकारी इस्पितळही या कायद्याबाहेर राहते. मात्र दिवाणी दाव्याचा मार्ग तेथे खुला असतो, हे वरील औरंगाबादच्या खटल्यावरून दिसेलच. विमा कंपनीने बिल भरले असले, तरी तो मोबदलाच मानला जातो. आपल्या गिरण्या-कारखान्यांतील नोकरांच्या पगारातून कामगार राज्य विम्याची वर्गणी कापली जाते. त्या विम्याच्या रुग्णालयातील रुग्णासही ग्राहक म्हणून दाद मागता येते, असे २००७ साली ठरले आहे.

पुढे २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आला व २० जुलै २०२० पासून अंमलात आला. त्याच्या मसुद्यात 'आरोग्यसेवा' हा शब्द होता, तो अखेरच्या रूपात गळला. तेव्हा डॉक्टर आता कायद्यातून सुटले, असा गवगवा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हा अर्थ नाकारला, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावरील अर्ज फेटाळला. २०२४ साली वकिलांची सेवा ग्राहक-कायद्यात येत नाही असा निर्णय झाला, त्या ओघात शांता निकालाचाही फेरविचार व्हावा असे सुचविले गेले. परंतु त्याच वर्षी मोठ्या पीठाने तशी गरज नसल्याचे सांगितले. तेव्हा आज डॉक्टर कायद्यात आहेत आणि वकील बाहेर. यावर आमच्या वकील मित्रांची मुद्रा पाहण्यासारखी होते.

नव्या कायद्यातील दोन गोष्टी उज्जैनकरांच्या फार सोयीच्या आहेत. मोठा आजार झाला की आपण पंचावन्न किलोमीटरवरील इंदूर गाठतो, कधी अहमदाबाद, कधी मुंबई. पूर्वी तक्रार सामान्यतः जेथे रुग्णालय असेल तेथे, किंवा जेथे घटना घडली तेथे करावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो वा जेथे पोटापाण्याचा उद्योग करतो, तेथील जिल्हा आयोगापुढेही ती करता येते. म्हणजे उपचार मुंबईस झाला, तरी अर्ज उज्जैनच्या जिल्हा आयोगात देता येईल. दुसरी गोष्ट अशी की, कोणत्या आयोगापुढे जावयाचे, हे आता मागितलेल्या भरपाईवरून नव्हे, तर आपण दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत भोपाळचा राज्य आयोग, आणि त्याहून अधिक असेल तर दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. रुग्णालयाचे बिल ५० लाखांच्या वर क्वचितच जाते, म्हणून बहुतेक सर्व प्रकरणे घराजवळच चालतील. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क मुळीच नाही. १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, आणि ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वकील दिलाच पाहिजे असे नाही. अर्ज संगणकाद्वारेही दाखल करता येतो, आणि १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य-सेवा दूरध्वनीने सल्ला देते. जिल्हा आयोगाच्या निर्णयावर ४५ दिवसांच्या आत राज्य आयोगाकडे अपील होते.

मुदत मात्र दोन वर्षांचीच आहे. तक्रारीचे कारण घडले त्या दिवसापासून ती मोजली जाते. सबळ कारण दाखविल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण हंगाम होता, दुकान सोडता आले नाही, हे सबळ कारण नव्हे.

आता हयगय कशास म्हणावी? येथे आपल्या लोकांची मोठी गल्लत होते. माणूस गेला म्हणजे डॉक्टर दोषी, असा समज करून घेऊन इस्पितळाच्या काचा फोडणारे लोक आपण पाहतो, आणि त्यांच्यात सुशिक्षित घरांतील मुलेही असतात, हे खेदाने लिहावे लागते. पीक बुडाले म्हणून आडत्यास कोणी धरीत नाही. तोलात खोट केली तर धरतात. तसेच येथेही आहे. उपचार यशस्वी झाला नाही एवढ्याने हयगय सिद्ध होत नाही. दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि दुसरी कदाचित बरी ठरली असती, एवढ्यानेही होत नाही. त्या शास्त्रातील सर्वसाधारण कुशल माणसाने जे केले असते ते केले नाही, वा जे केले नसते ते केले, तरच हयगय. आपल्यास येत नसलेली विद्या चालविणे हीही हयगयच होय. मुंबईतील एका होमिओपॅथी-वैद्याने ताप आलेल्या रुग्णास ॲलोपॅथीची औषधे दिली व रुग्ण दगावला, त्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांस जबाबदार धरले. आपल्या गल्लीबोळांतून असे मिश्र उपचार सर्रास चालतात, ते पाहता हा निकाल ध्यानात असावा.

फौजदारी खटल्याची वाट याहून अवघड आहे, आणि ती तशी असणे योग्यच आहे असे आमचे मत आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फौजदारी गुन्ह्यास ढोबळ व घोर हयगय लागते; आणि दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे विश्वसनीय मत पुढे आल्याखेरीज खाजगी फिर्याद घेऊ नये. हात कापत असताना शस्त्र चालविणारा डॉक्टर कोणास हवा आहे? ग्राहक आयोगात मात्र प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे २०१० च्या एका निकालाने स्पष्ट झाले आहे. पोटात कापड राहिले, हे समजण्यास तज्ज्ञ कशास हवा?

सर्व भिस्त आहे ती कागदांवर. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि रुग्णाने वा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत ते दिले पाहिजेत. २०२३ साली नवी संहिता निघाली होती, पण ती लगेच स्थगित झाली व जुनीच चालू राहिली. हे आम्हांस २०१६ मध्ये ठाऊक असते तर "पुढच्या महिन्यात या" हे उत्तर घेऊन आम्ही परतलो नसतो. तोंडी मागणी ही मागणी नव्हे. लेखी अर्ज करावा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, पोच न दिल्यास रजिस्टर टपालाने पाठवावा. भरतीचा कागद, शस्त्रक्रियेची टिपणे, भूल देणाऱ्याची नोंद, परिचारिकांचा रोजचा तक्ता, तपासण्यांचे अहवाल, औषधांची यादी, रवानगीचा सारांश व तपशीलवार बिल, हे सर्व मागावे. रोख रकमेची पक्की पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

संमतिपत्राविषयीही थोडे सांगितले पाहिजे. २००८ साली समीरा कोहली यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, तपासणीपुरती दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. उपचार कोणता, त्यातील धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे रुग्णास समजेल असे सांगून घेतलेली संमतीच खरी. जीव वाचविण्याकरिता तातडीने करावे लागले तर गोष्ट निराळी. रुग्ण शुद्धीवर व समजत्या वयाचा असेल तर संमती त्याचीच हवी. भावाची वा मुलाची सही तिची जागा घेत नाही. आमच्या दादांची शुद्ध उत्तम होती. पहिल्या शस्त्रक्रियेच्या कागदावर सही मात्र आमची होती.

ग्राहक-कायदा सबंध देशाचा, परंतु रुग्णालये व औषधालये हा राज्यसूचीतील विषय. म्हणून त्यांच्यावरील देखरेखीचे कायदे राज्याराज्यांत निराळे आहेत. मध्य प्रदेशात १९७३ चा अधिनियम असून त्याखाली खाजगी उपचर्यागृहास नोंदणी व परवाना लागतो. देखरेख जिल्ह्याच्या मुख्य चिकित्सा व स्वास्थ्य अधिकाऱ्याकडे असते. परवाना नाही, सोयी नाहीत, अशी तक्रार तेथे करावी. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार भोपाळच्या आयुर्विज्ञान परिषदेकडे जाते व ती त्याचे नाव नोंदवहीतून काढू शकते. यांपैकी कोणाकडूनही भरपाईचा एक पैसा मिळत नाही. त्याकरिता ग्राहक आयोग वा दिवाणी न्यायालय. अनेक लोक चुकीच्या कचेरीत खेटे घालून मुदत घालवितात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. पश्चिम बंगालने २०१७ साली स्वतंत्र आयोग नेमून त्यास भरपाईचे अधिकार दिले. महाराष्ट्रात १९४९ चा नोंदणी कायदा असून २०२१ मध्ये त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद घालण्यात आली. आपल्यांपैकी ज्यांचे सगेसोयरे पुण्या-मुंबईस आहेत, त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेथील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांवर उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना लागू आहे : १० टक्के खाटा निर्धनांकरिता विनामूल्य, आणि १० टक्के दुर्बल घटकांकरिता सवलतीने. दुकानातील एखाद्या हमालाच्या मुलाच्या हृदयाची शस्त्रक्रिया तेथे करविण्याची वेळ आली, तर ही माहिती रोख मदतीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

अपघाताचा रुग्ण पोलिसांचे कागद होईपर्यंत दारात ठेवता येत नाही, हे १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर ठरले आहे. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरवर हे बंधन आहे.

वहिनींना मागील वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेकरिता पुन्हा इंदूरला नेले. संमतिपत्र हिंदीत मागितले. पंधरा मिनिटे वाट पाहावी लागली, पण मिळाले. वहिनींनी चष्मा लावून ते स्वतः वाचले, दोन शंका विचारल्या, तरुण डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून त्यांचे निरसन केले, आणि मग त्यांनी सही केली. घरी येताना सर्व कागदांची प्रत आमच्या पिशवीत होती. ती आता गादीमागच्या कपाटात, दादांच्या त्या एकुलत्या एक बिलाशेजारी ठेविली आहे.